आखूड स्क्रू

आमच्या घरात माझ्या मावशीला तिच्या नावाने कुणी हाक मारत नाही. तिला सगळे ‘जपून’ म्हणतात. जपून आली का, जपूनला विचारून बघ, हे जपूनच्या हातचं शिवलेलं आहे. कुणी दाराबाहेर पाऊल टाकलं की तिच्या तोंडून पहिला शब्द तोच निघतो. जिना उतरणाऱ्याला जपून, सुरी हातात घेणाऱ्याला जपून. एकदा मी झोपायला पलंगाकडे निघाले होते तेव्हाही म्हणाली होती.

आम्ही भावंडं तिची नक्कल करायचो. घराला कुलूप लावून ती कोपऱ्यापर्यंत जाते, परत येते, कुलूप ओढून बघते. गॅसचं बटण बंद आहे हे डोळ्यांना दिसून भागत नाही, हात लावावा लागतो. बाल्कनीच्या कठड्याला ती कधी टेकत नाही आणि दुसरं कुणी टेकलं असेल तर त्याच्याशी धड बोलू शकत नाही, कारण तिचं सगळं लक्ष कठड्यात असतं. आई तिची थोरली बहीण. ती म्हणते, ही पाळण्यातसुद्धा दोन्ही कडा धरून झोपायची.

मावशी ताडपत्र्या शिवायच्या कारखान्यात काम करायची. लांबलचक पत्र्याची शेड, जमिनीवर पसरलेलं जाड कापड, आणि ते ओढत ओढत मशीनखालून न्यायचं. ट्रकवर टाकायच्या ताडपत्र्या, दुकानांपुढची छतं, मोटारींची आवरणं. तिथली सुई खिळ्याएवढी जाड. शेडमधल्या प्रत्येकीच्या बोटातून ती कधी ना कधी गेलेली होती, मावशीच्या मात्र नाही. “घाबरण्याचा तेवढाच एक फायदा,” ती म्हणायची.

आणि मावशीचा नवरा, आमचे काका, म्हणजे अगदी दुसरं टोक. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. उंच इमारतींच्या पोटातल्या अंधाऱ्या पोकळीत, तारांच्या बाजूला एका फळीवर उभं राहून शीळ घालत काम करायचं, हा त्यांचा रोजचा दिवस. कशालाच न घाबरणाऱ्या माणसाला दुसऱ्याची भीती गमतीची वाटते. काकांना मावशीची वाटायची. ते तिला त्रास द्यायचे नाहीत, पण मनावरही घ्यायचे नाहीत. ती काही बोलली की “बरं बरं, करू या,” म्हणायचे आणि आमच्याकडे बघून डोळे मिचकावायचे.

शिडाची बोट त्यांना एका जुन्या इमारतीत मिळाली. तिथल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांचे गुडघे गेले होते. त्यांची बोट गाड्या लावायच्या जागेत कितीतरी वर्षं कापडाखाली पडून होती. “घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल,” ते म्हणाले. काकांनी तिला ट्रेलरवर घालून घरापुढच्या गल्लीत आणून उभी केली. बोट लहानच. चार माणसं बसली की भरली. पुढच्या बाजूला एक बुटकी केबिन, तिच्यात वाकून शिरायचं आणि बसूनच राहायचं. मागे उघड्यावर बसायची जागा आणि सुकाणूचा लाकडी दांडा. एक डोलकाठी, एक मोठं शीड, पुढे एक छोटं.

ते वर्ष काकांनी त्या बोटीत घालवलं म्हटलं तरी चालेल. कामावरून आले की कपडे बदलायचे आणि ड्रिल घेऊन चढायचे. जुनी भोकं बुजवली, नवी पाडली. केबिनच्या छतावर छोटं सोलर पॅनेल बसवलं, त्यावर आत एक दिवा. मिटता येणारं टेबल केलं. लिफ्टच्या जुन्या सामानातल्या कप्प्या आणून लावल्या. शेजारचे येता-जाता विचारायचे, “काय हो, बोट कधी सुटणार?” आणि काका म्हणायचे, “बोट तयार आहे, गृहमंत्री तयार नाहीत.”

गृहमंत्र्यांनी तीन गोष्टी मागितल्या होत्या. एक, पोहता येत असो वा नसो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बोटीत पाय ठेवायचा नाही. दोन, सगळे दोर मागे बसायच्या जागेपर्यंत आणायचे, म्हणजे कुणाला डोलकाठीपाशी पुढे जावं लागणार नाही. तीन, केबिनच्या छतावर दोन्ही बाजूंना धरायला काहीतरी हवं.

काकांनी तिन्ही केल्या. दोर कप्प्यांवरून फिरवून मागे आणले आणि ओळीने दातेरी चिमट्यांत बसवले. दोर ओढला की चिमटा तो पकडून ठेवायचा, वर उचलला की सोडायचा. छतावर दोन सुंदर लाकडी दांडे लावले, घासून गुळगुळीत केलेले, पॉलिश मारलेले. मावशीने ते हाताने ओढून बघितले. हलले नाहीत. तिने मग कारखान्यातून उरलेल्या कापडाच्या गाद्या शिवल्या, शिडाला दोन ठिकाणी ठिगळं लावली, आणि बोट पाण्यात गेली.

पाणी म्हणजे शहराबाहेरच्या धरणाचं. एका काठावरून दुसऱ्या काठावरची माणसं दिसत नाहीत एवढं मोठं. कडेला बुडालेली झाडं, त्यांचे काळे शेंडे पाणी उतरलं की वर येतात. सुट्टीच्या दिवशी दहा-बारा शिडं दिसायची, बाकी वेळी कुणी नाही.

मावशी दर वेळी बरोबर जायची. आम्हाला नवल वाटायचं. मी एकदा विचारलंही, एवढी घाबरतेस तर जातेस कशाला? ती म्हणाली, “काठावर बसून वाट बघायची त्यापेक्षा बरं. तिथे मला काय काय दिसतं ते तुला सांगत नाही.”

बोटीत ती एकाच जागी बसायची, सुकाणूच्या डाव्या हाताला, एक हात बाकाच्या कडेला आवळलेला. बोट वाऱ्याने कलली की हाताची पकड आणखी घट्ट व्हायची आणि बोट सरळ झाली तरी लगेच सैल व्हायची नाही. काकांची मात्र प्रत्येक हालचाल ती बघायची. कुठला दोर कधी सोडला, दांडा कुठे ढकलला, वळताना मान कधी खाली घातली. शिकायचं म्हणून नव्हे. ज्याचं काहीतरी चुकणार अशी खात्री असते त्याच्यावरून आपली नजर हटत नाही, एवढंच.

दुसऱ्या थंडीत काकांनी नवीन शोध लावला. सुकाणूचा दांडा सतत हातात धरून कंटाळा येतो, म्हणून त्यांनी बसायच्या जागेवर या कडेपासून त्या कडेपर्यंत एक दोर आडवा ताणला, त्याला एका टोकाला जाड रबर आणि आकडा लावला, आणि दोराचे दोन वेढे दांड्याला घातले. दांडा ठेवाल तिथे राहायचा. शिडं नीट लावली की बोट आपली आपण सरळ जायची.

“बघ,” काका दोन्ही हात वर करून म्हणाले, “ड्रायव्हरशिवाय गाडी.”

“मला नाही आवडलं हे.”

“अगं, लिफ्टसुद्धा आपली आपणच जाते की.”

“लिफ्टला थांबायचं कुठे ते माहीत असतं,” मावशी म्हणाली.

काका हसले. ही गोष्टही त्यांनी नंतर आम्हाला रंगवून सांगितली होती.

त्या दिवशी सुट्टी नव्हती. काकांना अवचित रजा मिळाली आणि त्यांनी मावशीला कारखान्यातून अर्ध्या दिवसाने उचललं. पाण्यावर दुसरी बोट नव्हती. वारा एका अंगाने, एकसारखा, जोरात. ऊन होतं पण त्यात ऊब नव्हती. काठ मागे पडला तेव्हा काकांनी सुकाणूच्या दांड्याला वेढे घातले आणि हात चोळत म्हणाले, “चहा काढ आता.”

मावशी वाकून केबिनमध्ये गेली. थर्मास शोधताना तिला डोक्यावर छतावर पावलं ऐकू आली. काका पुढे चालले होते. पुढच्या छोट्या शिडाचा दोर कशात तरी अडकला होता, तो सोडवायला. तिने आतूनच “जपून” म्हटलं. मग वर लाकूड कडकडल्यासारखा आवाज झाला, काहीतरी घासत गेलं, आणि नंतर नुसता पाण्याचा आवाज राहिला, आधी होता तसाच.

“अहो?”

ती थर्मास घेऊन बाहेर आली. मागे कुणी नव्हतं. पुढे बघितलं, पुढे कुणी नव्हतं. छताच्या एका बाजूचा दांडा नव्हता, तिथे फक्त बारीक भोकांची एक ओळ होती.

ती मला म्हणाली होती, सगळ्यात भयंकर काय होतं सांगू? बोट अगदी छान चालली होती. शिडं फुगलेली, दोर ताणलेले, सुकाणू सरळ. काही झालंच नाही असं. जणू तिला काकांची गरजच नव्हती.

मग तिला ते दिसले. मागे, बोटीने सोडलेल्या रेघेत, नारिंगी जॅकेट आणि त्यातून वर आलेलं डोकं. एक हात वर गेला. ओरडत होते, पण वारा तो आवाज दुसरीकडेच नेत होता. आणि बघता बघता ते लहान होत होते.

मावशीने पहिली गोष्ट केली ती म्हणजे गादी उचलून त्यांच्याकडे फेकली. ती बोटीला लागूनच पाण्यात पडली. मग तिने हातातला थर्मास फेकला. हे सांगताना ती आजही खाली बघते. डोक्यात एकच विचार होता की आपण नजर हलवली तर ते दिसेनासे होतील. म्हणून ती मागे तोंड करूनच उभी राहिली. बोट पुढे जात राहिली. म्हणजे नजर न हलवूनही ते दिसेनासे होणारच होते.

हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती वळली.

सुकाणूचा दांडा बांधणाऱ्या दोराचा आकडा निघेना. दोर इतका ताणलेला होता की बोटांनी जमतच नव्हतं. शेवटी ती खाली बसली, बाकाला पाठ लावली आणि दोन्ही पायांनी दांडा लोटला. रबर ताणलं, आकडा सुटून तिच्या कानाजवळून गेला, आणि बोटीने एकदम मान फिरवली. शिडं फडफडली. मोठ्या शिडाच्या तळाचा आडवा दांडा तिच्या डोक्यावरून सटकन गेला. ती खालीच होती म्हणून वाचली. बोट दुसऱ्या अंगावर कलली आणि जागच्या जागी अडखळून उभी राहिली.

पुढचं छोटं शीड उलट्या बाजूने फुगलं होतं. काका वळताना दर वेळी तो दोर सोडायचे हे तिने बघितलेलं होतं, पण चिमट्यांत ओळीने सगळे पांढरेच दोर. काकांना ते एकसारखे, नीटनेटके हवे होते. तिने एक सोडला, काही झालं नाही. दुसरा सोडला, मोठं शीड वरून हातभर खाली घसरलं. तो दोर तिने तसाच परत चिमट्यात दाबला. तिसऱ्याला छोटं शीड सुटलं आणि कानठळ्या बसतील असं फडफडायला लागलं. बोट हलली. आणि आता तिचं तोंड काकांकडे होतं.

म्हणजे ते असायला हवे होते तिकडे. दिसत नव्हते. पाण्यावर उन्हाचा चकचकाट होता आणि सगळीकडे नारिंगीच ठिपके दिसत होते. ती सुकाणू धरून मोठ्याने ओरडत राहिली, “अहो! अहो!” आयुष्यभर तिने त्यांना नावाने हाक मारली नव्हती, आणि तेव्हाही तिला नाव आठवलं नाही. तिला वाटलं, आपण भलत्याच दिशेला चाललो आहोत. तिला वाटलं, आपण त्यांच्या अंगावरूनच जाणार आहोत.

ते दिसले तेव्हा अगदी जवळ होते आणि ती इतकी दचकली की सुकाणू लोटून लांबून निघून गेली. जाता जाता तिने त्यांचा चेहरा बघितला. जॅकेटचे पुढचे पट्टे त्यांनी लावलेलेच नव्हते, ते कानांपर्यंत वर चढलं होतं आणि त्यात चेहरा लहान दिसत होता. ओठ निळे. ते ओरडत नव्हते. ती आपल्याला सोडून चालली आहे हे बघत होते फक्त.

पुन्हा वळायचं होतं. पुन्हा तो आडवा दांडा डोक्यावरून, पुन्हा शिडाची फडफड. या वेळी ती काकांच्या वाऱ्याकडच्या बाजूला आली आणि घाबरून मोठ्या शिडाचा दोरच सोडून दिला. बोट थांबली आणि वाऱ्याने आडवी सरकत हळूहळू त्यांच्याकडे गेली. “मला ते माहीत नव्हतं,” मावशी सांगते, “नशिबाने योग्य बाजूला थांबले.” तिने दोर टाकला. काकांच्या बोटांना तो धरवेना. त्यांनी तो काखेतून घेतला, आणि तिने ओढून त्यांना बोटीला लावलं.

आता संपलं असं तिला वाटलं. पण बोटीची कड पाण्यापासून बरीच वर होती आणि काका भिजून धोंड्यासारखे जड झाले होते. तिने काखेत हात घालून ओढलं, कॉलर धरून ओढलं, जॅकेट धरून ओढलं तर जॅकेटच निघायला लागलं. काकांनी पाय वर टाकायचा प्रयत्न केला, एकदा, दोनदा, मग केलाच नाही.

“राहू दे,” ते म्हणाले. “जरा थांबतो.”

काका कधी राहू दे म्हणणारे नव्हते.

तिने दोर त्यांच्या काखांखालून दोन वेळा फिरवला, बाकाच्या पायाला गच्च बांधला, आणि वाऱ्याबरोबर जो काठ जवळ होता तिकडे बोट जाऊ दिली. मोठं शीड थोडंसंच ओढलेलं. एका हातात सुकाणू, दुसऱ्या हाताने काकांची मान पाण्यावर धरलेली.

“बोला,” ती म्हणाली.

“काय बोलू?”

“काहीही. कुठली लिफ्ट सारखी अडकते?”

“बँकेची.”

“का?”

“दार... नीट लागत नाही.”

“आणि दवाखान्याची?”

“तिचं... वायरिंग.” मग बराच वेळ काही नाही.

“आणि शाळेची? अहो. शाळेची?”

“शाळेला... लिफ्ट नाही गं.”

ती इमारतींची नावं घेत गेली. त्यांची उत्तरं आखूड होत गेली, मग नुसते हुंकार राहिले. काठ तिथेच होता, जवळ येतच नव्हता. ती प्रश्न विचारत होती आणि मनात दुसरीकडेच, माझ्या आईला हे फोनवर कसं सांगायचं याचे शब्द जुळवत होती. त्याची तिला अजून लाज वाटते. मी तिला सांगते की त्यात लाज कसली. पण ते तिला पटत नाही.

बुडालेल्या झाडांमध्ये बोट खरखरत अडकली तेव्हा पाणी कमरेएवढं होतं. घोट्यापर्यंतही पाण्यात न उतरणारी माझी मावशी कपड्यांसकट खाली उतरली, चिखलातून, पायाला लागणाऱ्या फांद्यांतून काकांना ओढत काठावर घेऊन गेली आणि ओरडायला लागली. वरच्या बाजूला पंपघर होतं. तिथला राखणदार धावत आला. त्याने काकांचे ओले कपडे काढले, स्वतःची घोंगडी त्यांच्याभोवती गुंडाळली आणि गाडी बोलावली. काका थरथरतही नव्हते. डॉक्टरांनी नंतर सांगितलं, तेच वाईट लक्षण होतं.

ते वाचले. थोड्या दिवसांनी घरीही आले, आणि भेटायला येणाऱ्यांना गोष्ट सांगायला लागले. गादी फेकली, मग थर्मास फेकला, आता शेगडी येते की काय म्हणून मी वाट बघत होतो. लोक हसायचे. आम्हीही हसलो. मावशी पाणी आणायला आत जायची आणि लवकर बाहेर यायची नाही.

तोपर्यंत बोट परत गल्लीत आली होती. एका दुपारी काका झोपले असताना मावशी तिच्यावर चढली. आयुष्यात पहिल्यांदा एकटी. छतावर राहिलेला दुसरा दांडा तिने दोन्ही हातांनी धरला आणि अंगाचा भार टाकून ओढला. तो निघून आला. तिने त्यातले स्क्रू तळहातावर घेतले आणि खाली आली. काका उठल्यावर चहाच्या कपाशेजारी ते तिने टेबलावर ठेवले. मी तिथेच होते.

“हे केवढे आहेत?”

काकांनी बघितलं. “आहेत आपले छोटे.”

“छत केवढं जाड आहे?”

काकांनी एक स्क्रू उचलून दोन बोटांत फिरवला.

“तुम्ही लिफ्टमध्ये असं बसवाल?”

“लिफ्टमध्ये आरपार बोल्ट. मागून पट्टी.” ते सवयीने बोलून गेले आणि थांबले.

“मग इथे का नाही?”

“अगं, आतून बोल्ट दिसले असते. पट्टी लावायची तर आतलं सगळं अस्तर काढावं लागलं असतं. तू मागत होतीस म्हणून लावला.”

“म्हणजे धरायला नव्हताच लावला,” मावशी म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मी गप्प बसावं म्हणून लावला होता.”

काकांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. त्यानंतर गादीची आणि थर्मासची गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नाही.

आम्हाला वाटलं होतं, बोट आता जाणार. झालं भलतंच. काका कामावर परत गेले आणि पहिल्याच दिवशी फळीवरून खाली बघितल्यावर त्यांच्या हातापायांतला जीव गेला. सोबतच्या माणसाने धरून वर काढलं. त्यांना वाटलं अशक्तपणा असेल. पण दुसऱ्या दिवशीही तेच, आठवड्यानेही तेच. रात्री कुलूप बघायला ते उठायला लागले. जिन्यावरून उतरताना भिंतीला हात लावायला लागले. कंपनीने त्यांना खालचं काम दिलं, पॅनेल तपासायचं. शीळ बंद झाली.

काकांना कसं घाबरायचं ते येतच नव्हतं. लाजायचे, चिडायचे, स्वतःला शिव्या द्यायचे. मावशीने मात्र त्यांना एकदाही काही म्हटलं नाही. जिन्यावर ती त्यांच्या एक पायरी खाली चालायची. कुलूप बघायला उठले की “बघून आलात? बरं झालं,” म्हणायची आणि कूस बदलायची. एकदा ते म्हणाले, “तू एवढी वर्षं ही असली धडधडती छाती घेऊन हिंडलीस?”

“मग काय घरी ठेवून जाणार होते?”

त्यानंतर तिने बोटीचं काम स्वतःकडे घेतलं. काकांकडून ड्रिल चालवायला शिकली. पहिल्यांदा तिने ते चालू केलं आणि टाकूनच दिलं. मग परत उचललं. केबिनचं अस्तर सगळं काढलं. नवे दांडे आरपार बोल्टांनी, आतून लोखंडी पट्ट्या लावून बसवले. बोल्ट दिसतात, डोक्याला लागतातही. सगळे पांढरे दोर काढून रंगीत घातले, लाल मोठ्या शिडाचा, हिरवा छोट्याचा. कारखान्यातल्या जाड पट्ट्यांची तिने एक शिडी शिवली, बोटीच्या मागे घडी करून अडकवलेली, पाण्यातल्या माणसाने लोंबणारं टोक ओढलं की उलगडणारी. काकांना सुकाणूचा तो आडवा दोर तोडून टाकायचा होता. मावशी म्हणाली, नको, कंटाळा आला की तुम्ही परत कराल. त्यापेक्षा तिने आकड्याला एक लांब तरंगता दोर बांधला, गाठी मारून, बोटीमागे पाण्यात सोडायचा. पडलेल्याने तो धरला की आकडा सुटेल, सुकाणू मोकळं होईल, बोट वाऱ्याकडे तोंड करेल आणि जागीच उभी राहील.

“राहील का पण?” काका म्हणाले.

“कुणीतरी पडून बघायला हवं.”

ते काम दोघांनीही बरेच दिवस पुढे ढकललं.

शेवटी गेले तो दिवस उन्हाळ्यातला होता, वारा बेताचा, पाणी कोमट. काठाजवळच. मावशी आधी उतरणार असं ठरलं होतं. बोटीच्या कडेवर बसून तिने पाय पाण्याकडे सोडले. काका सुकाणूपाशी पांढरेफटक बसले होते. तिने जॅकेटचे पट्टे पुन्हा एकदा ओढून बघितले आणि हात सोडले.

पाणी डोक्यावरून गेलं. वर आली तेव्हा बोट पुढे निघाली होती. दोराच्या गाठी हातातून सरकत गेल्या, एक, दोन, आणि टोक निसटलं. बोट चाललीच. तिने काकांचा चेहरा बघितला. ते सुकाणूवर हात ठेवून गोठल्यासारखे बसले होते. तिला समोर दिसत होतं की त्यांना काहीच सुचत नाही. “लाल सोडा,” ती ओरडली. तोंडात पाणी गेलं. “अहो, लाल!” किती वेळ गेला तिला सांगता येत नाही. मग काकांचा हात लाल दोरावर गेला.

बोट थांबली. काका वळून तिच्यापर्यंत आले. मावशीने पट्ट्यांच्या शिडीचं टोक ओढलं, शिडी उलगडली, आणि ती गुडघे आपटत, पण आपली आपण वर आली. खाली बसून बराच वेळ थरथरत होती. काकाही थरथरत होते.

“दोर लांब हवा,” ती म्हणाली. “आणि टोकाला मोठा फुगा हवा, हात अडकेल असा.” तो तिने तिथल्या तिथे बांधला. फुगा म्हणून केबिनमधला रिकामा तेलाचा कॅन घेतला आणि दोराला दुसरा दोर जोडला.

मग तिने सुकाणू हातात घेतलं आणि काकांकडे बघितलं.

“आता मी?” ते म्हणाले.

“हो.”

काका सरकत सरकत कडेशी गेले. छतावरचा नवा दांडा त्यांनी एका हाताने धरून ठेवला होता आणि तो हात त्यांच्याच्याने सोडवत नव्हता. एकदा त्यांनी पाय बाहेर टाकला आणि परत आत घेतला. तिच्याकडे बघून हसायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. मावशीने शिडाचा दोर ढिला केला, बोट जवळजवळ उभी केली, आणि थांबली.

त्यांना उतरायला खूप वेळ लागला. तिने घाई केली नाही.